रोज एक खाडी : भर पावसात किनाऱ्याकिनाऱ्याने कोकण

पुण्याहून सकाळी निघालं की आंबा घाट उतरून संध्याकाळच्या चहाला रत्नागिरी गाठता येते. आम्ही त्याला सहा मुक्काम लावतो. गाडीत नवरा, मी, दोन मुलं, सासूबाई आणि काचेवर न थांबणारा पाऊस. तीन पावसाळे असं केल्यावर ओळखीतले लोक फोन करून विचारायला लागले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. कोकण फक्त मे महिन्यात पाहिलेल्यांसाठी, आणि अजिबात न पाहिलेल्यांसाठी.

मुख्य नियम एकच : दिवसाला एक खाडी ओलांडायची, दुसरी नाही. कोकणचा किनारा सलग पट्टी नाही. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या थोड्याथोड्या अंतरावर समुद्राला मिळतात आणि प्रत्येक मुखाशी रस्ता संपतो. तिथे फेरीबोट तरी असते, पूल तरी असतो, नाहीतर आत वळून लांबचा वळसा. मोबाइलवरचा नकाशा सांगतो सत्तर किलोमीटर, दोन तास. पावसात, खड्ड्यांत, फेरीच्या रांगेत आणि 'आई, मला उलटी होतेय' यात त्याचे पाच तास होतात. पहिल्या वर्षी आम्ही एका दिवसात दोन खाड्या धरल्या होत्या. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी महिना ठरवा

जूनचे पहिले पंधरा दिवस सोडा. पाऊस लागतो तो वादळवाऱ्यासह लागतो, आणि ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, दिवेआगर-श्रीवर्धनच्या अंगाला येऊन धडकलं होतं. जुलैत भाताची लावणी बघायला मिळते, पण पाऊसही सगळ्यात जोराचा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मी श्रावण सांगेन. ऊन-पाऊस चालू असतो, मधूनमधून कपडे वाळतात, आणि ऑगस्ट सरताना सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, रानफुलं यायला लागतात. मात्र गणपतीच्या आधीचा आठवडा धरू नका. चाकरमानी गावाला निघालेले असतात, महामार्ग भरलेला असतो, आणि ज्यांच्याकडे तुम्ही उतरणार त्यांचंच घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आली तर तीही टाळा.

काय बंद असतं ते मुलांना आधीच सांगून टाका, म्हणजे तिथे जाऊन रडारड नको. जंजिरा आणि मालवणचा सिंधुदुर्ग, दोन्ही किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. पॅरासेलिंग, बनाना राइड वगैरे सगळं बंद. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे हर्णैच्या बंदरावरचा प्रसिद्ध लिलावही दिसणार नाही. आणि समुद्रात उतरायचं नाही. गुडघाभर पाण्यातही नाही, 'नुसते पाय भिजवते' म्हणूनही नाही. पावसाळी लाट परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेते आणि काल जिथे सपाट होतं तिथे आज खड्डा असतो. गणपतीपुळ्याला दरवर्षी माणसं बुडतात ती बहुतेक पाहुणे असतात, गावातली नाहीत.

मग उरतं काय, असं माझ्या जावेने विचारलं होतं. उरतो तो गढूळ, उसळणारा समुद्र, लांबून, ओसरीत बसून, हातात चहा घेऊन बघायचा. ज्यांना हे चालत नाही त्यांनी डिसेंबरात जावं.

भरतीचं गणित

सहलीच्या कागदावर तारखेशेजारी तिथी लिहा. कालनिर्णय काढा आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारला पाणी भरलेलं. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन मोजायचं. दिवसा एकदा आणि साधारण बारा तासांनी रात्री एकदा भरती येते, आणि भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा.

हे मला बागमांडल्याच्या जेट्टीवरच्या एका काकांनी शिकवलं. मी मोबाइलवर भरतीचा तक्ता शोधत होते, रेंज नव्हती. काकांनी विचारलं, "आज तिथी कुठली, वहिनी?" मला येईना. सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "चतुर्थी. माझा उपास आहे." काका म्हणाले, "मग तीनला भरेल." आणि तीनला भरलं.

पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि खूप मागेही जातं. भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि संध्याकाळी किनारा लांबरुंद उघडा पडतो, म्हणजे मुलांना वाळूत सोडायला संध्याकाळ सोयीची. पण उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की नदीचं पाणी समुद्रात जायला वाटच राहत नाही. खाडीकाठचे सखल रस्ते अशाच वेळी पाण्याखाली जातात. त्या दोन-तीन तासांत मुक्कामाच्या घरीच बसायचं.

गाडी आणि सामान

वायपरची पाती नवी घाला. जुनी चालतात असं वाटतं, ताम्हिणी घाटात कळतं चालत नाहीत. टायरची नक्षी झिजली असेल तर सहल पुढे ढकला. काच आतून धुरकट झाली की फडक्याने पुसत बसू नका, एसी लावून हवा पुढच्या काचेवर सोडा. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, मागच्याला तुम्ही वळताय की थांबलाय तेच समजत नाही. साधे दिवे लावा, धुक्यात हेडलाइट खाली ठेवा.

सामानात छत्र्यांपेक्षा दोरी आणि चिमटे महत्त्वाचे. रोज खोलीत कपडे वाळत घालायचे आहेत. जुनी वर्तमानपत्रं न्या, रात्री ओल्या बुटांत कोंबायला. प्रत्येकाला मागे पट्टा असलेली सॅंडल घ्या, कारण देवळांच्या जांभ्या पायऱ्यांवर शेवाळ असतं आणि साध्या चपलांनी माणूस थेट खाली येतो. चांगली बॅटरी हवी. लाइट रोज जाते, आणि अंधारात अंगणात पाय टाकण्याआधी बघावं लागतं. रत्नागिरी जिल्हा फुरशांचा, म्हणजे छोट्या विषारी सापांचा आहे. पायाला जखम असेल तर भाताच्या खाचरात, साचलेल्या पाण्यात मुलांना उतरवू नका. लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप कोकणात दर पावसाळ्यात असतो. घाटासाठी आलेपाक आणि आवळासुपारी, आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढची सीट, वय काहीही असो. रोख पैसे पुरेसे घ्या. लाइट गेली की थोड्या वेळाने रेंजही जाते, आणि मग मोबाइलवरून पैसे देणं आलंच नाही.

पहिला दिवस : घाट

ताम्हिणी शनिवार-रविवारी उतरू नका. धबधब्यांखाली गाड्या, गाणी, मक्याची कणसं आणि दोन तास खोळंबा. आम्ही बुधवारी सहाला निघतो. मुळशीचं पाणी डावी-उजवीकडे लपतछपत येतं, मग धुकं, मग एकदम उतार. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये राहा, सतत ब्रेक दाबून उतरू नका, आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. कड्याला लागून गाडी उभी करू नका. रस्त्यावर नुकतेच पडलेले दगड-माती दिसली, किंवा डोंगरातून येणारं स्वच्छ पाणी अचानक तांबडं व्हायला लागलं, तर फोटो न काढता पुढे निघायचं. दरड अशीच येते. वरंध घाटाचा विचार नको, तो पावसाळ्यात वारंवार बंद ठेवतात. मुंबईकरांनी थेट पेणवरून माणगावला यावं.

माणगावला जेवण, पेट्रोलची टाकी पूर्ण, मग म्हसळ्यावरून दिवेआगर किंवा श्रीवर्धन. तिथे दोन रात्री राहा. पहिल्या दिवशी घाटाने दमलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काहीही करू नका. सुपारीच्या वाडीतून चालत जा. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. काही वाड्यांत मध्येच मोकळं आकाश दिसतं, ते त्या २०२०च्या वादळाचं. पोफळीचं, म्हणजे सुपारीचं झाड पडलं की नवीन रोप उत्पन्नाला यायला वर्षं जातात. श्रीवर्धन हे भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं, बाळाजी विश्वनाथांचं गाव. दिवेआगरला १९९७मध्ये वाडीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि २०१२मध्ये दरोडा पडून तो चोरीला गेला. ही गोष्ट माझ्या मुलांना कुठल्याही किल्ल्यापेक्षा जास्त आवडते.

पहिली खाडी : सावित्री

हरिहरेश्वरला देवदर्शन करा, पण डोंगरामागची समुद्राकडची प्रदक्षिणा पावसाळ्यात करू नका. दोन खडकांमधून पायऱ्या खाली उतरतात, खाली नक्षीदार खडक आहेत, सगळं खरं. लाट सांगून येत नाही. देवाला बाहेरून नमस्कार पोचतो.

मग बागमांडला ते वेसवी फेरीबोट. पहिल्यांदा जाणाऱ्याला इथे धास्ती वाटते. सकाळी निघण्याआधी मुक्कामाच्या यजमानांनाच विचारा, 'फेरी चालू आहे ना?' त्यांना माहीत असतं. जोराचं वारं असेल तर फेऱ्या थांबवतात. जेट्टीवर गाडी रांगेत लावून तिकीट काढा, गाडीचं वेगळं, माणसांचं वेगळं. गाडीत फक्त चालक ठेवा, बाकीच्यांनी चालत चढायचं. फेरीवरचा पोरगा हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघा, गाडीच्या कॅमेऱ्याकडे नाही. उताराची फळी ओली आणि शेवाळलेली असते, म्हणून हळू, एका दमात, मध्ये न थांबता. आत गेल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद. झालं. मुलांना कठड्याजवळ हात धरून उभं करा. नदी चहाच्या रंगाची असते आणि मधोमध आलं की समुद्राचा वारा तोंडावर येतो.

फेरी बंद असेल तर म्हसळ्याकडे मागे फिरून आंबेतच्या पुलावरून मंडणगडला जाता येतं. तो वळसा धरूनच दिवस आखा.

पलीकडे बाणकोट, केळशी, आडे, आंजर्ले. आडे-पाडले भागात रस्ता समुद्राला इतका चिकटून जातो की भरतीला तुषार काचेवर येतात. इथे वर सांगितलेलं गणित वापरा आणि ओहोटीला जा. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती चुकवू नका. वर गाडी जाते, पायऱ्यांचा हट्ट पावसात नको. वरून सुवर्णदुर्ग दिसतो, निदान सर गेली की दिसतो. मुक्काम आंजर्ले, हर्णै, दापोलीजवळचं मुरुड यांपैकी कुठेही, एक रात्र.

माझी चूक, याच टप्प्यावरची

पहिल्या वर्षी श्रीवर्धनहून निघून त्याच दिवशी दाभोळही ओलांडून गुहागर गाठायचं असा आमचा बेत होता. दापोलीच्या पुढे अंधार पडायला लागला. समोरून डंपर आला, नवऱ्याने वाट द्यायला गाडी डावीकडे घेतली आणि डावी चाकं साइडपट्टीच्या तांबड्या चिखलात रुतली. जितका ॲक्सिलरेटर दाबला तितकी आत गेली. पाऊस, अंधार, रेंज नाही. अर्ध्या तासाने वाडीतले चार जण आले. त्यांनी चाकाखाली फांद्या आणि फुटके चिरे टाकले, ढकलून गाडी वर काढली, पैसे घेतले नाहीत, आणि एकाने सासूबाईंना विचारलं, "आजी, एवढी घाई कशाला?" फेरी चुकली ती चुकलीच.

तेव्हापासून : साडेचारनंतर गाडी रस्त्यावर नाही. वाट द्यायची झाली तर डांबरावरच थांबायचं, समोरच्याला जाऊ द्यायचं. रुतलीच तर चाक गरगर फिरवायचं नाही, आधी उतरून खाली काहीतरी कठीण घालायचं.

पाण्याचंही इथेच सांगते. मोरीवरून किंवा ठेंगण्या पुलावरून पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबायचं. समोरून एखादा जीपवाला धडाक्यात गेला तरी थांबायचं. पाणी तास-दोन तासांत उतरतं. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि दुरुस्तीत दुसरी सहल जाते. हवामान खात्याचा इशारा रोज संध्याकाळी बघा. लाल असेल तर दुसऱ्या दिवशी हलायचंच नाही. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर, असा त्या पावसाचा अंदाज असतो. पुण्यात वर्षभरात जेवढं पडतं त्याच्या पावभागाहून जास्त, एका दिवसात. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीच्या पुरात चिपळूणची बाजारपेठ बुडाली आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला. यजमानांना एक रात्र वाढवून मागितली तर पावसाळ्यात सहसा मिळते. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, रुग्णवाहिकेचा १०८, आणि सर्वसाधारण मदतीसाठी ११२. हे घरातल्या मोठ्या मुलालाही पाठ हवेत.

दुसरी खाडी : वाशिष्ठी, आणि गुहागर

दाभोळ ते धोपावे फेरीला पंधरा-एक मिनिटं लागतात. ती नसेल तर खेड-चिपळूण फिरून अर्धा दिवस.

गुहागरला दोन रात्री. माझ्या मते हे पावसातलं सगळ्यात चांगलं गाव. वरचा पाट, खालचा पाट अशी समुद्राला समांतर पसरलेली वस्ती, मागे वाड्या, त्यामागे सुरूची झाडं, मग लांबच लांब वाळू. व्याडेश्वराच्या सभामंडपात तासभर बसून पाऊस ऐकता येतो. कुणी काही विचारत नाही. हेदवीची बामणघळ, जिथे भरतीचं पाणी खडकाच्या भेगेत घुसून उंच उडतं, ती लांबूनच बघा.

राहण्यासाठी 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' अशी पाटी असलेलं घर शोधा. फोनवर तीन गोष्टी विचारा : इन्व्हर्टर आहे का, गाडी अंगणापर्यंत येते का, कमोड आहे का. तिसरा प्रश्न सासूबाईंसाठी, पण विचारायला लाजू नका. दुपारचं जेवण सकाळी नऊच्या आत सांगायचं, माणसं मोजून. आयत्या वेळी हजर झालात तर काकू जेवू घालतील, पण स्वतःच्या घासातलं.

खाण्याबाबत एक सल्ला : जुलैत पापलेट-सुरमईचा हट्ट धरू नका. बंदीच्या काळात मिळालंच तर बहुधा बर्फातलं असतं. त्यापेक्षा काकूंना विचारा, 'तुमच्याकडे आज काय केलंय?' मग सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची खिचडी येते, सुकटीची (सुकवलेल्या बारीक मासळीची) चटणी, खेकड्याचा रस्सा. शाकाहारी असाल तर तुमची चंगळच आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, आठळ्या घातलेली अळूची भाजी, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी. नागपंचमीच्या सुमारास हळदीच्या पानातले पातोळे. माझा धाकटा घरी पालक खात नाही, तिथे टाकळा दोनदा मागून घेतो.

तिसरी खाडी : शास्त्री

तवसाळ ते जयगड. आता तुम्ही फेरीतले जुने जाणते झालात. पर्यायी रस्ता आबलोलीवरून भातगावच्या पुलाचा. पलीकडे मालगुंड, केशवसुतांचं गाव, स्मारकात अर्धा तास कोरडा जातो. गणपतीपुळ्यात दर्शन घ्या, मुक्काम मात्र मालगुंडात, शांत असतो. दुसऱ्या दिवशी आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. चढावर जागा बघून एकदाच थांबा, दोन्ही किनारे खाली दिसतात.

रत्नागिरी हे मुसळधार दिवसासाठी राखून ठेवा, कारण इथे छपराखालच्या गोष्टी आहेत. झाडगावचं मत्स्यालय, टिळकांचं जन्मस्थान, आणि थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं आणि १९१६मध्ये तो इथेच वारला. थोरल्याने हिशेब केला, "म्हणजे तीसएक पावसाळे." दोन दिवस 'बोअर होतंय' म्हणणारा मुलगा त्यानंतर गप्प होता.

परत

आंबा घाट सकाळीच चढा, दुपारनंतर धुकं दाटतं. साखरप्यात चहा, मलकापूर, कोल्हापूर, मग महामार्ग.

घरी पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी खालून धुऊन घ्या, फवारा मारून. खारं पाणी आणि तांबडी माती पत्र्याला धरून बसतात. पायपुसण्या काढून उन्हात, नाहीतर पंख्याखाली. आणि काकूंनी कागदात गुंडाळून दिलेली सुकट त्याच रात्री डिकीतून काढा. आम्ही म्हटलं होतं, सकाळी बघू. नवऱ्याच्या ऑफिसातले लोक अजून त्याच्या गाडीत बसायला नको म्हणतात.